बॅकअप सुरू केला की रिस्टोअर पॉइंट का गायब होतात?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ करसल्लागाराचं कार्यालय चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. कार्यालयात चार संगणक, एकावर विंडोज १०, बाकी तिघांवर ११. प्रत्येकात ५१२ जीबीची एकच एसएसडी आणि तिच्यावर एकच सी ड्राइव्ह. बॅकअपचं सॉफ्टवेअर क्लायंटच्या फायली, टॅलीचा डाटा आणि मेल यांची प्रत रोज सी मधल्याच एका फोल्डरमध्ये काढतं. शनिवारी ते फोल्डर पोर्टेबल डिस्कवर चढवतात. हे सुरू झाल्यापासून तीन त्रास आहेत. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाला तर विंडोजला मागच्या तारखेच्या अवस्थेत नेण्यासाठी ठेवलेल्या खुणा, टिकत नाहीत, बघायला जावं तर कालचा एखादा असतो किंवा एकही नसतो. बॅकअप मधूनच ‘दुसरा स्नॅपशॉट सुरू आहे’ म्हणून थांबतो. आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरने घोळ घातल्यावर एका मशीनवर रिस्टोअर पॉइंटने मागे गेले, तर बॅकअपचं सॉफ्टवेअरच उघडेना. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘रिस्टोअर पॉइंट कायमचे बंदच करून टाकू का?’

ताई, बंद करू नका. सॉफ्टवेअर बदलायचीही घाई नको. तिन्ही त्रास एकाच ठिकाणाहून येतात, पण तिन्हींचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. त्यातला पहिला तर बॅकअपचं फोल्डर दुसरीकडे नेलं की बहुतेक मिटेल.

विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची सेवा असते. फाइल उघडी असली, कोणी तिच्यात लिहीत असलं, तरी ड्राइव्हचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र ही सेवा उभं करते. त्या चित्रालाच स्नॅपशॉट किंवा शॅडो कॉपी म्हणतात. टॅली चालू असताना बॅकअप निघतो तो हिच्यामुळे. रिस्टोअर पॉइंट बनवणारं आणि त्यावर मागे नेणारं सिस्टिम रिस्टोअर विंडोज मिलेनियमपासून, म्हणजे २००० सालापासून आहे. तेव्हा आणि एक्सपीतही ते आपल्या पद्धतीने बदललेल्या फायलींच्या प्रती ठेवायचं. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने रिस्टोअर पॉइंटही याच शॅडो कॉपीवर आणून बसवले. तेव्हापासून बॅकअप आणि रिस्टोअर पॉइंट एकाच पाटाच्या पाण्यावर आहेत. पाळी कुणाची आणि पाणी किती, हे ठरवून दिलं नाही तर बांधावर भांडण व्हायचंच.

आता हे चित्र साठवतात कसं, ते नीट समजून घ्या, कारण पॉइंट गायब होण्याचं कारण त्यातच आहे. स्नॅपशॉट म्हणजे सगळ्या ड्राइव्हची नक्कल नव्हे. तो घेतला त्या क्षणी जवळपास काहीच कॉपी होत नाही. पुढे जेव्हा एखाद्या जागेवरचा जुना मजकूर पुसून तिथे नवं लिहायची वेळ येते, तेव्हा विंडोज आधी तो जुना तुकडा उचलून बाजूला ठेवतं आणि मगच नवं लिहू देतं. हे काम वोल्स्नॅप नावाचा ड्रायव्हर १६ केबीच्या तुकड्यांनी करतो. बाजूला काढलेले तुकडे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या दडवलेल्या फोल्डरमध्ये जातात आणि त्या जागेला कमाल मर्यादा असते. मर्यादा भरत आली की सगळ्यात जुना स्नॅपशॉट आधी जातो. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच्या पुढचा.

तुमच्याकडे होतं ते असं. बॅकअपने सोमवारी ३० जीबीची फाइल लिहिली. मंगळवारी रिस्टोअर पॉइंट तयार झाला, त्या वेळी ही फाइल ड्राइव्हवर होती, म्हणून पॉइंटच्या चित्रात तीही आली. पुढे सॉफ्टवेअरने आपल्या नियमाप्रमाणे जुना बॅकअप म्हणून ती पुसली आणि आज ना उद्या त्याच जागेवर नवा बॅकअप लिहायला घेतला. आता विंडोजला त्या ३० जीबीतला एकेक तुकडा वाचवावा लागतो, कारण मंगळवारच्या पॉइंटला तो हवा आहे. तुमची मर्यादा १० जीबी असेल तर मंगळवारचा पॉइंट त्याच रात्री गेला म्हणून समजा. पॉइंट घेताना जी जागा मोकळी होती तिथे कितीही लिहिलं तरी हा खर्च पडत नाही. म्हणून नव्या मशीनवर पहिले काही दिवस सगळं सुरळीत वाटतं आणि डिस्क निम्मी-अधिक भरली की रडगाणं सुरू होतं.

म्हणजे बॅकअपचं सॉफ्टवेअर तुमचे रिस्टोअर पॉइंट ‘डिलीट’ करत नाही. ज्या ड्राइव्हवर सिस्टिम प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोअर पॉइंट ठेवायची सोय, चालू आहे त्याच ड्राइव्हवर ते आपलं बाड ठेवतं, आणि त्या बाडाच्या उलाढालीत पॉइंट चिरडले जातात.

याची खात्री इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत, करता येते. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिम या भागात वोल्स्नॅपच्या नोंदी गाळून बघा. क्रमांक ३३ दिसला तर सगळ्यात जुनी शॅडो कॉपी मर्यादेत राहण्यासाठी काढली, एवढाच अर्थ आहे. तो रोज बॅकअपच्या वेळेला पडत असेल तर वर सांगितलेलंच कारण. क्रमांक ३६ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेमुळे जागा वाढवता आली नाही आणि शॅडो कॉप्या सोडून द्याव्या लागल्या. क्रमांक २५ यांच्यात वाईट. साठवणीची जागा वेळेत वाढवता आली नाही म्हणून ड्राइव्हवरच्या सगळ्या शॅडो कॉप्या गेल्या, असं तो सांगतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, एकीकडे बॅकअप, दुसरीकडे अँटिव्हायरसचं स्कॅन आणि तिसरीकडे विंडोज अपडेट असं सगळं एकदम चाललं की हा २५ हमखास भेटतो. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत अजून अशी मशीन आहेत. तिथे हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत संगणक बंदच होत नाही आणि ही सगळी कामं भर दुपारी एकमेकांवर आदळतात.

उपाय करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ ही कमांड द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. सध्या किती जागा वापरली, किती राखली आणि कमाल किती, असे तीन आकडे येतील. कमाल आकडा पाच-सात जीबी असेल तर वाढवा. ५१२ जीबीच्या डिस्कवर पाच टक्के, म्हणजे साधारण २५ जीबी, मला योग्य वाटते. त्यासाठी कमांडची गरज नाही. सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीत ‘कॉन्फिगर’ दाबलं की सरकपट्टी मिळते, तीच सरकवा. फक्त एक लक्षात ठेवा, ती पट्टी चुकून डावीकडे गेली आणि तुम्ही ‘अप्लाय’ केलं तर मर्यादेत न बसणारे पॉइंट लगेच जातात, विचारत बसत नाहीत.

पण नुसती मर्यादा वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवणं झालं. बॅकअपचं फोल्डर सी वरून हलवा. कार्यालयात नेटवर्कवरचा स्टोरेज डबा असेल तर उत्तम, नसेल तर कायम जोडलेली एक यूएसबी डिस्क घ्या आणि शनिवारची पोर्टेबल डिस्क वेगळी राहू द्या. त्या यूएसबी डिस्कवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच ठेवायचं. बॅकअपच्या डिस्कला रिस्टोअर पॉइंट लावून काही मिळत नाही, जागा मात्र जाते.

पॉइंट ठेवूनही ते आपोआप जुने होऊन जातात, हेही माहीत असू द्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटनंतर रिस्टोअर पॉइंट ६० दिवसांपर्यंतच ठेवले जातात. त्यामुळे दिवाळीतला पॉइंट होळीला शोधू नका, तो गेला याचा दोष बॅकअपला देता येणार नाही.

आता दुसरा त्रास, ‘दुसरा स्नॅपशॉट सुरू आहे’. याचा कोड ८००४२३१६ ने संपतो. शॅडो कॉपीची सेवा एका वेळी एकच स्नॅपशॉट तयार करते. दुसऱ्याने मागितला तर त्याला थांब म्हणते, आणि काही बॅकअप सॉफ्टवेअर थांबून पुन्हा विचारण्याऐवजी सरळ ‘फेल’ लिहून मोकळी होतात. विंडोजची स्वतःची देखभाल मुळात रात्री दोनला ठरलेली असते. नेमकी हीच वेळ लोक बॅकअपला देतात, कारण रात्री दोनला कोण काम करतंय! तुमच्यासारख्या कार्यालयात मात्र घोळ वेगळा होतो. रात्री मशीन बंद असतं. मग राहिलेली देखभाल मशीन जरा रिकामं दिसलं की, म्हणजे चहाला किंवा जेवायला उठलात की, सुरू होते. चुकलेला बॅकअपही ‘मशीन चालू होताच घ्या’ या खुणेमुळे सकाळी सुटतो. दोघं दहा-साडेदहाला एकत्र येतात.

म्हणून बॅकअपची वेळ माणसांनी ठरवा. संध्याकाळी काम संपल्यावर टॅलीतून बाहेर या, बॅकअप सुरू करा, तो संपल्यावर मशीन आपोआप बंद व्हावं अशी खूण करा. ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. टॅलीतून बाहेर या म्हटलं त्यालाही कारण आहे. स्नॅपशॉट घेण्याआधी विंडोज काही प्रोग्रॅमांना ‘हातातलं लिहून घ्या आणि क्षणभर थांबा’ असा निरोप देतं. हा निरोप ज्यांच्यामार्फत जातो त्यांना रायटर म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरचा असा रायटर आहे, टॅलीचा मात्र यादीत दिसत नाही. म्हणून व्हाउचर भरता भरता घेतलेला स्नॅपशॉट वीज गेल्यावर राहिलेल्या फायलीसारखा असतो. बहुधा उघडतो, पण २० तारखेला जीएसटी ३बी भरताना ‘बहुधा’ नको. टॅलीचा स्वतःचा बॅकअपही आठवड्यातून एकदा वेगळा घेत जा.

रायटरांचा विषय निघाला आहे तर इथे थोडं थांबू, कारण बॅकअप आणि रिस्टोअर पॉइंट दोन्ही एकदम बिघडले की गाठ बहुतेक इथेच असते. ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ द्या. प्रत्येक रायटरपुढे ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ असायला हवं. एखाद्यापुढे ‘फेल्ड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ दिसलं की लोक व्हॉल्यूम शॅडो कॉपीची सेवा बंद-चालू करतात आणि काही फरक पडला नाही म्हणून वैतागतात. फरक पडणार कसा, रायटर राहतो दुसऱ्याच सेवेच्या घरी. सिस्टिम रायटर अडकला असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस ही सेवा पुन्हा सुरू करायची. डब्ल्यूएमआय रायटरसाठी विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन, एसक्यूएलच्या रायटरसाठी एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर ही सेवा. रजिस्ट्री रायटर आणि शॅडो कॉपी ऑप्टिमायझेशन रायटर यांच्यासाठी मात्र खरोखरच व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मशीन रिस्टार्ट करणं, पण इथे एक खोच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. त्यात ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा आणि सेवा खऱ्या अर्थाने बंद होत नाहीत, त्यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तशीच उठवली जाते. त्यामुळे सोमवारी अडकलेला रायटर रोज संध्याकाळी मशीन बंद करूनही शुक्रवारपर्यंत अडकलेलाच राहतो. ‘आम्ही रोज बंद करतो हो!’ असं लोक सांगतात ते खरंच असतं. म्हणून ‘रिस्टार्ट’ हेच बटण दाबायचं, बंद करून चालू करायचं नाही. बॅकअप चालणाऱ्या मशीनवर मी फास्ट स्टार्टअप बंदच करून टाकतो. एसएसडी असताना त्याने वाचणारे चार सेकंद कुणाला हवेत?

एसक्यूएल सर्व्हरचा रायटर यादीत फेलही नसेल, मुळात दिसतच नसेल, तर डाटाबेसची नावं तपासा. एखाद्या नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडलेली असली तर तो रायटर यादीतून गळतो. पतसंस्था आणि दूध संकलनाची सॉफ्टवेअर या एसक्यूएलवरच चालतात आणि नव्या वर्षाचा डाटाबेस बनवताना कोणीतरी नाव कॉपी-पेस्ट करतं. तुमच्याकडे टीडीएसचं किंवा ताळेबंदाचं एखादं सॉफ्टवेअर एसक्यूएलवर असेल तर हे बघून घ्या.

एक इशारा. या विषयावर शोध घेतला की डझनभर डीएलएल फायली पुन्हा रजिस्टर करणारी एक बॅच फाइल हमखास हाती लागते. ती सर्व्हर २००३ च्या काळची. व्हिस्टानंतरच्या कोणत्याही विंडोजवर ती चालवायची नाही, असलेलं नीट चालणारंही त्याने मोडतं. दुसरा लाडका सल्ला म्हणजे सगळ्या शॅडो कॉप्या पुसून टाका. त्याने चूक कधीकधी जाते खरी, पण तुमचे उरलेसुरले पॉइंटही जातात. आधी कारण शोधा. तसंच इव्हेंट ८१९४ दिसला म्हणून घाबरू नका. परवानगी नाकारल्याची ती नोंद बॅकअप व्यवस्थित होत असतानाही पडत राहते, बहुतेक वेळा दुर्लक्ष केलं तरी चालतं.

‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट प्रोव्हायडर्स’ हीही एकदा द्या. प्रोव्हायडर म्हणजे स्नॅपशॉट प्रत्यक्ष काढून देणारा भाग. निदान एक नाव दिसायलाच हवं, मायक्रोसॉफ्ट सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर १.०. त्याशिवाय दुसरं नाव दिसलं तर ते कोणाचं आहे ते ओळखा. काही बॅकअप सॉफ्टवेअर आपला स्वतःचा प्रोव्हायडर बसवतात, आणि कोणता हवा ते सांगितलं नसेल तर विंडोज बाहेरच्या प्रोव्हायडरला आधी विचारतं, स्वतःच्याला शेवटी. दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा प्रोव्हायडर तसाच मागे राहिला असेल तर विंडोज त्या रिकाम्या घराचं दार वाजवत बसतं. मग बॅकअपही अडतो आणि रिस्टोअर पॉइंटही तयार होत नाही, ८००४२३०६ असा कोड येतो. अशा वेळी त्या कंपनीचं साफसफाईचं अधिकृत साधन वापरा, किंवा तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकून नीट काढा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, हात घालायचा असेल तर माहितगार माणसाकडूनच घाला. विशेषतः ‘अपरफिल्टर्स’ नावाच्या नोंदीत जुन्या सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरशेजारीच वोल्स्नॅपचं नाव असतं. नको असलेलं काढण्याच्या नादात सगळी ओळ पुसली की मशीन निळ्या पडद्यावरच थांबतं.

याच कारणासाठी एका मशीनवर एकच बॅकअप सॉफ्टवेअर ठेवा. पोर्टेबल डिस्कबरोबर फुकट आलेलं एक, विकत घेतलेलं एक आणि विंडोज ७ च्या नावाने अजून कंट्रोल पॅनेलमध्ये असलेलं एक, असे तिघं मी एकाच मशीनवर नांदताना पाहिलेत. नांदताना म्हणजे, एकमेकांचे पाय ओढताना. ‘स्पीड वाढवणारी’ सॉफ्टवेअरही काढा. त्यांना व्हॉल्यूम शॅडो कॉपी आणि सॉफ्टवेअर शॅडो कॉपी प्रोव्हायडर या सेवा फालतू वाटतात, ती त्या ‘डिसेबल’ करतात. या दोन्ही सेवा ‘मॅन्युअल’वर असाव्यात. चालू दिसल्या नाहीत म्हणून काळजी नको, गरज लागली की त्या आपण उठतात.

तिसरा त्रास, मागे गेल्यावर बॅकअप न उघडण्याचा. रिस्टोअर पॉइंटने मागे गेलं की विंडोज रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमच्या फायली मागच्या तारखेला नेतं. तुमची कागदपत्रं, एक्सेल, पीडीएफ यांना हात लावत नाही. बॅकअपचं सॉफ्टवेअर या वाटणीत मधोमध फाटतं. त्याचे प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जुन्या आवृत्तीचे होतात आणि त्याची नोंदवही, म्हणजे कोणत्या दिवशी काय घेतलं याचा कॅटलॉग, नव्याच आवृत्तीचा राहतो. जुन्या प्रोग्रॅमला नवी वही वाचता येत नाही. मध्यंतरी सॉफ्टवेअर अपडेट झालं असेल तर हे जवळपास ठरलेलंच.

त्यापेक्षा न दिसणारी भानगड पुढे आहे. बरीच सॉफ्टवेअर रोज फक्त बदललेला भाग घेतात. त्यासाठी त्यांचा एक ड्रायव्हर डिस्कवर कुठे काय बदललं याची खूण ठेवत असतो. मागे गेल्यावर त्या खुणांवर विश्वास ठेवता येत नाही. सॉफ्टवेअर उघडलं, हिरवी खूण दिसली, म्हणून जुन्या साखळीला नवी कडी जोडत राहिलात, तर गरज पडेल त्या दिवशी ती साखळी मधूनच तुटलेली निघू शकते. म्हणून सिस्टिम रिस्टोअर केल्यावर आधी बॅकअप सॉफ्टवेअर चालू आवृत्तीत दुरुस्त किंवा पुन्हा इन्स्टॉल करा, रायटर आणि प्रोव्हायडर बघा, आणि मग नवा पूर्ण बॅकअप घ्या. जुनी साखळी पुसू नका, पण तिला पुढे वाढवूही नका. नवा पूर्ण बॅकअप उघडून दोन-चार फायली प्रत्यक्ष परत काढून पाहिल्यावरच जुनीचं काय करायचं ते ठरवा.

मागे जाण्याआधी सिस्टिम रिस्टोअरच्या खिडकीत ‘कोणते प्रोग्रॅम बदलतील ते शोधा’ असं बटण आहे, ते आवर्जून दाबा. तुमच्या व्यवसायात याचं महत्त्व जास्त. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पॉइंटनंतर टाकला असेल तर तो जाणार, आणि हे ३१ जुलैला संध्याकाळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणखी एक, सिस्टिम रिस्टोअर काही फायली त्यांच्या प्रकारावरून ओळखतं, त्यात बॅच फायलीही येतात. कोणी रात्रीची कॉपी करायला बॅच फाइल लिहून सी ड्राइव्हवर कुठेतरी ठेवली असेल आणि ती पॉइंटनंतरची असेल, तर मागे गेल्यावर ती नाहीशी होऊ शकते. मग कॉपी होत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अशा फायली ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा, तो भाग सिस्टिम रिस्टोअरच्या कक्षेबाहेर असतो.

कधी उलटंही होतं. पॉइंट आहे, पण मागे जाताच येत नाही, ‘एका फाइलपर्यंत पोचता आलं नाही’ म्हणून रिस्टोअर सोडून दिलं जातं. याचं कारण पुष्कळदा अँटिव्हायरस, नाहीतर बॅकअप सॉफ्टवेअरचं स्वसंरक्षण. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने बॅकअप पुसू नयेत म्हणून ही सॉफ्टवेअर आपल्या फायलींना हात लावू देत नाहीत, आणि हात लावणारं विंडोज आहे की चोर हा भेद त्यांना प्रत्येक वेळी कळत नाही. ते संरक्षण तात्पुरतं बंद करून बघा. तरी जमलं नाही तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा आणि दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावरून सिस्टिम रिस्टोअर चालवा, तिथे हे ड्रायव्हर चढलेलेच नसतात. मात्र विंडोज ११ ची डिस्क एन्क्रिप्ट असली तर तिथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती आत्ताच शोधून कागदावर लिहून ठेवा. मिरजेच्या दवाखान्यांत ऐन ओपीडीच्या वेळी ही की शोधायची धावपळ मी बघितली आहे.

पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, घेणार असाल तर दोन छोट्या गोष्टी. विंडोजचं जे छोटं राखीव पार्टिशन असतं तेही इमेजमध्ये येतं आणि त्याचाही स्नॅपशॉट लागतो. ५०० एमबीपेक्षा लहान पार्टिशनवर किमान ५० एमबी आणि त्याहून मोठ्यावर ३२० एमबी मोकळी जागा हवी. सी वर २०० जीबी रिकामे असताना ‘जागा नाही’ म्हणतंय, तर नजर तिकडे टाका. दुसरं, इमेजवरून मशीन परत उभं केलं की आधीचे रिस्टोअर पॉइंट बरोबर येतील असं धरून चालू नका. बहुतेक सॉफ्टवेअर ती शॅडो कॉपीची साठवण इमेजमध्ये घेतच नाहीत. नव्याने एक पॉइंट स्वतः तयार करा.

आता बंद करू का, या प्रश्नाकडे. रिस्टोअर पॉइंट ड्रायव्हर बिघडला, अपडेट अंगाशी आलं, अशा वेळी पाच-दहा मिनिटांत सुटका करतो. प्रिंटरच्या त्या घोळासाठी सगळी इमेज परत चढवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून तो हवा. पण तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. रॅन्समवेअर आत शिरलं की बहुधा सगळ्यात आधी शॅडो कॉप्याच पुसतं, आणि त्यासाठी वर सांगितलेली व्हीएसएसॲडमिनच वापरतं. पुसलेली एक्सेल फाइल सिस्टिम रिस्टोअरने परत येत नाही. सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्यावरची कार्यालयं पाण्यात गेली, तेव्हा ज्यांची बॅकअपची डिस्क संगणकाशेजारच्याच ड्रॉवरमध्ये होती त्यांचा बॅकअपही कृष्णेलाच गेला. तुमची शनिवारची पोर्टेबल डिस्क कॉपी झाल्यावर काढून घरी न्या, जोडलेली ठेवू नका.

चारही मशीनवर सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का तेही तपासा, विंडोज १० आणि ११ वर ते मुळात बंद असलेलं पुष्कळदा आढळतं. नवं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर टाकण्याआधी पॉइंट हाताने घ्या, कारण आपोआपच्या पॉइंटवर विसंबता येत नाही. प्रोग्रॅम किंवा स्क्रिप्टने मागितलेला पॉइंट विंडोज २४ तासांत एकदाच देतं, दुसऱ्यांदा मागितला तर मुकाट्याने वगळतं. काही बॅकअप सॉफ्टवेअर रोज सुरुवातीला असा पॉइंट मागतात, तो पर्याय बंद करा, नाहीतर दिवसाचा तो एकच पॉइंट ते घेऊन बसतील आणि संध्याकाळी ड्रायव्हर टाकणाऱ्या प्रोग्रॅमला मिळणार नाही. हे बदल महिन्याच्या २२ तारखेनंतर, रिटर्नची गडबड संपल्यावर करा, आधी एकाच मशीनवर. पंधरा दिवसांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३३ क्रमांक पुन्हा दिसत असेल तर त्या दिवशीची वेळ, शॅडो स्टोरेजचे तिन्ही आकडे आणि रायटरांची यादी कळवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.